सांधा मातीच्या वर

मुरिसी टेकडी, रेसिफे
३ मार्च १९९१

जेनिवाल,

हे पत्र उभ्याने वाचू नकोस, आधी बस. आणि वाचून झालं की भिंतीवर डोकं आपटायचं नाही, दुसऱ्याच्या नाकावर तर मुळीच नाही. ऑगस्टात सुटायचंय तुला. तेवढं ध्यानात ठेव आणि मग पुढे वाच.

काल सकाळी शेजारचा कानतुट्या ओतासिलियो आपल्या गच्चीवर चढला. हातात पहार. मी खाली कॉफी गाळत होते. वर धडाधड आवाज आला तेव्हा वाटलं, छप्परच कोसळलं. जाऊन बघते तर तू कलमं बांधलेले डबे फुटलेले, माती पसरलेली, टोमॅटोचा पायाखाली चिखल. आणि ओतासिलियो घामाघूम होऊन बाबांच्या डब्यावर पहार उगारून उभा!

"माझ्या बोकडाला आज वर्ष झालं," म्हणतो. "त्याचं वर्ष घालतोय."

आता मला सांग, कुठवर चालायचं हे? त्याच्या बोकडानं तुझी कलमं खाल्ली. तू बोकडाचा गळा चिरलास. पुढे ऑगस्टात तू नवी कलमं बांधत असताना तो कोयता घेऊन आला, तू कलमाच्याच पात्यानं त्याचा कान उतरवलास आणि गेलास तुरुंगात. मला वाटलं, फिटलं सगळ्यांचं. त्याला वाटलं नाही.

मग मीही काही हात जोडून उभी राहिले नाही. कॉफीचं उकळतं भांडं होतं हातात, तेच फेकलं. दंडावरची कातडी लोंबली त्याची. ओरडला असा की खालच्या गल्लीतली कोंबडी उडाली. पहार निसटली, डब्याला घासून गेली. डबा चेपला, पण टोमॅटोची काडी बांधतो तो बाबांचा खुंट वाचला रे! ओढ्यातलं काटेरी रानवांगं ते, काय चिवट जात, तुला सांगायला नको. टेकडीच्या या सडक्या मातीत दुसऱ्या कुणाचा टोमॅटो टिकत नाही, मर रोग लागतो, आणि बाबांच्या खुंटावर दर वर्षी नवी काडी चढते. बाबा गेले तरी चढते.

फुटलेल्यांतली दोन कलमं जगतील असं दिसतंय. मोठे डबे मिळवते आणि ती दोन नि बाबांचं, तिन्ही हलवते.

तू शांत राहा. माझी शपथ आहे.

तुझी ताई,
किटेरिया


बेट, तुरुंग
१९ मार्च

ताई,

बसूनच वाचलं. नंतर उभा राहिलो.

त्या म्हाताऱ्याचा दुसरा कान मी ठेवला ही माझी चूक. बाबांच्या डब्यावर पहार उगारतो? लहानपणी याच्या अंगणात गोट्या खेळलो म्हणून तेव्हा हात आखडला. पुन्हा आखडणार नाही.

इथलं विचारलं नाहीस, तरी सांगतो. गेल्या आठवड्यात पाण्याच्या पिंपापाशी मारामारी झाली. आमच्या बराकीत एक पोरगा आहे, त्याला गांधील म्हणतात, कारण बारीक आहे आणि डसतो. त्याच्या पोटात एकजण धार लावलेला चमचा घालत होता. मी मधे हात घातला. चमचा तळव्यातून आरपार. गांधील तिथेच भोकाड पसरून बसला. मी म्हणालो, "रडायचं नंतर, आधी पळ." पळाला म्हणून वाचला. तेव्हापासून माझं ताट तोच धुतो. मे महिन्यात सुटतोय. म्हणतो, बाहेर काही काम असलं तर सांग दादा, मी कुणाला विचारणार नाही.

झडतीत तुझ्या अंगाला हात लावणाऱ्या शिपायाचं मी काय केलं असतं ते तुला माहीत आहे, म्हणून तू इथे येऊ नकोस. काही पाठवायचं तर पत्रांसारखंच लिंदाल्व्हाबरोबर पाठव, ती नवऱ्याला भेटायला येतेच.

कलमांना सायकलच्या ट्यूबची पट्टी आहे ती आता सोड, नाहीतर दांडा आवळेल. टोमॅटो कसे आहेत ते कळव. रात्री डोळे मिटले की मला तेच दिसतात.

जेनिवाल


मुरिसी टेकडी
१४ एप्रिल

जेनिवाल,

हाताचं मला असं चार ओळींत सांगतोस? आरपार म्हणे! एरंडेलाची चिंधी बांध आणि पिंपापाशी जाऊ नकोस, तहान लागली तर मर तहानेनं. मेल्या, झोप नाही मला.

आता चांगलं सांगते. कोपऱ्यावरच्या तळणीवाल्याकडून तेलाचे उंच पत्र्याचे डबे आणले. बुडाला खिळ्यानं भोकं पाडली. माती ओढ्याकाठची, पाठीवर पोती वाहून आणली. आणि गच्चीवर वारा किती सुटतो तुला माहीत आहे, म्हणून तिन्ही झाडं पार गळ्यापर्यंत मातीत घेतली. आई लावायची तशी. टोमॅटो खोल लावावा, दांड्याला जागोजागी मुळं फुटतात, ही टेकडीवरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असलेली गोष्ट. काय डोलतायत म्हणून सांगू! बाबांच्या खुंटावरच्याला फुलांचे घोस आलेत. तू माझ्याहून चांगला माळी आहेस हे आता बोलायचं नाही.

फक्त त्या कानतुट्याची नजर वाईट. दंडाला फडकं बांधून भिंतीपलीकडे उभा असतो. परवा मी माती दाबत होते तर म्हणतो, "एवढं खोल पुरलंस? मरणार ते."

मी म्हटलं, "तू मर आधी!" आणि ओली माती तोंडावर मारली. पुसत पुसत गेला आत. पण बोलला ते माझ्या काळजात रुतून बसलंय. धमकीच ती. मी गच्चीवर झोपायला लागलेय, उशाशी बत्ता घेऊन.

तुझी ताई


मुरिसी टेकडी
१२ मे

जेनिवाल,

मेली.

तिन्ही. संध्याकाळी टवटवीत होती, सकाळी माना टाकलेल्या. पान हिरवंच, पिवळं नाही, कीड नाही. पाणी घातलं, सावली केली, काही नाही. दुसऱ्या दिवशी दांडे लोळले. टोमॅटो हिरवेच लोंबतायत, हात लावला की गळतात.

विष घातलं त्यानं. मी एक दिवस मावशीच्या मयताला गेले होते, तेवढ्यात घातलं. आधी सांगून घातलं! "मरणार ते," म्हणाला होता ना माझ्या तोंडावर? मर रोग म्हणावा तर रानवांग्याच्या खुंटाला मर लागत नाही, बाबांनी जन्मभर तेच सांगितलं.

मी जिन्यात त्याला गाठलं. बत्त्यानं गुडघ्यावर हाणला. तो खाली बसला आणि म्हणतो, "किटेरिया, मी शिवलोसुद्धा नाही त्यांना." थुंकले मी. शेजाऱ्यांनी धरलं म्हणून, नाहीतर तिथेच डोकं फोडत होते.

बाबांच्या हातचं तेवढं एक उरलं होतं रे आपल्याकडे. तेही गेलं. कुणीतरी या माणसाला मातीत घाला. मी बाई आहे, माझ्या हातात बत्ताच आहे.

किटेरिया


बेट, तुरुंग
२६ मे

ताई,

पत्र मिळालं.

गांधील काल सुटला.

यंदा २३ जूनला, संत जोआवच्या सणाच्या रात्री, आपल्या दारची होळी भिंतीपासून लांब पेटव. मका भाजून झाला की आत जा आणि दार लाव. फटाके खूप वाजतील, त्यात एखादा जास्त वाजला तर बाहेर येऊ नकोस.

बाबांचा डबा टाकू नकोस.

जेनिवाल


मुरिसी टेकडी
८ जून

जेनिवाल, काय करून बसलास?

मी रागात लिहिलं. माणूस रागात शंभर गोष्टी लिहितो! मी तर लहानपणापासून तुलाही रोज मारून टाकते, मेलास का तू कधी?

तो पोरगा आलाय. जिन्याच्या वळणावर बसतो, शेंगदाणे खातो, टरफलं खिशात घालतो. मी ओळखलं. जवळ गेले, म्हटलं, "बाळा, घरी जा. माझ्या भावानं निरोप दिलाय, काम नको." माझ्याकडे बघून गोड हसला. "दादांचा निरोप तुमच्या तोंडून मला ओळखू येत नाही, ताई. बहिणी असंच म्हणतात." पोलिसांत जाऊ? गेले तर तुझं नाव सांगावं लागेल, ऑगस्ट तर गेलाच, पुढची वीस वर्षंही गेली.

ओतासिलियोला सांगू? काय सांगू? माझ्या भावानं तुझ्यावर माणूस घातलाय, आणि मीच घाल म्हणाले? दोनदा त्याच्या दारापर्यंत गेले. दुसऱ्यांदा त्यानं दार उघडलं, माझ्या हाताकडे बघितलं, बत्ता नाही हे पाहून म्हणाला, "आज रिकाम्या हाती?" मी शिवी देऊन परत आले.

त्यानं विष घातलं हे मी अजूनही म्हणते. पण झाडासाठी माणूस मारायचा? बाबांची शवपेटी खांद्यावर वाहिली होती त्यानं, चिखलातून, अनवाणी. तू पुढच्या बाजूला होतास, तुला मागे कोण होतं दिसलं नसेल. मी बघितलं.

थांबव त्याला. तूच थांबवू शकतोस.

आज बाबांचा डबा उपसला. खुंटाला काडी जुळते त्या सांध्याचा तुकडा तेवढा कापून घेतला, बाकी मुळं डब्यातच आहेत, उपटायला हात धजेना. तुकडा कसावाच्या कंदाच्या केकमध्ये घालून लिंदाल्व्हाबरोबर पाठवतेय. तिला ताप आहे, उतरला की येईल. तो हातात घेऊन बस आणि बाबा काय म्हणाले असते याचा विचार कर.

ताई


बेट, तुरुंग
१७ जून

ताई, हे वाचता वाचता चप्पल घाल.

काल केक मिळाला. शिपायांनी चिरून चिरून त्याचा भुगा केला, काडी सापडली तेव्हा हसले, ठेव म्हणाले. रात्रभर उशाशी होती. बाबांचा सांधा जवळ ठेवला तो राग उतरू नये म्हणून. सकाळी उजेडात नीट बघितली.

ताई, सांध्याच्या वर मुळं आहेत. दाढीसारखी. टोमॅटोची मुळं! आणि सगळी काळी, सडलेली. सांध्याच्या खाली नखानं साल खरवडली तर खुंट हिरवागार आहे. विष असतं तर आधी खुंट जळाला असता, मुळं तर त्याचीही होती मातीत. खुंटाला काही झालेलं नाही. फक्त टोमॅटो मेला.

गळ्यापर्यंत पुरलंस ना? तू सांध्यासकट पुरलंस. साधा टोमॅटो खोल लावतात, कलमाचा नाही. कलमाचा सांधा मातीच्या वर चार बोटं राहायलाच हवा. टोमॅटोनं स्वतःची मुळं ओढ्याच्या मातीत सोडली आणि मर थेट त्याच्यात चढली. म्हातारा सांगत होता तुला! "एवढं खोल पुरलंस? मरणार ते." धमकी नव्हती ती. मीही वाचलं होतं हे, तुझ्याच पत्रात, आणि मलाही धमकीच दिसली. मी, कलमं बांधणारा! माझ्या डोळ्यांत माती पडली होती काय?

तुला दोष देत नाही. माणूस मी पाठवला.

दोन रविवार भेटी बंद केल्यात, लिंदाल्व्हा पत्र न्यायला येणार नाही. गुरुवारी पाद्रीबाबा येतात, त्यांच्या झग्यात ही चिठ्ठी घालतो. ते टेकडीवर कधी चढतील देव जाणे. मिळाल्या मिळाल्या गांधीलकडे जा. त्याला सांग, "रडायचं नंतर, आधी पळ." हे मी त्याला पिंपापाशी म्हणालो होतो, तुला लिहिलं ते सोडून दुसऱ्या कुणाला ठाऊक नाही. तो ओळखेल. लगेच निघून जाईल.

आणि तो सापडला नाही तर म्हाताऱ्याच्या दारात जाऊन बस. गांधील बाईवर हात टाकणार नाही.

देवा, त्या फटाक्यांच्या आधी पोचू दे.

जेनिवाल


मुरिसी टेकडी
२ जुलै

जेनिवाल,

अक्षर बघून दचकू नकोस. हे ओतासिलियोचं आहे. मी जिवंत आहे. तुझी बहीणही जिवंत आहे, शेजारी बसून ओरडतेय की मी तिच्या बोलण्याआधीच लिहायला लागलो. तिच्या उजव्या हाताला बँडेज आहे. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं.

ती सांगते ते लिहितो. मधे माझंही घालीन. तिचा चष्मा त्या रात्री तुटला, तिला वाचता येणार नाही.

"पाद्रीबाबा होळी पेटल्यावर आले. म्हातारा माणूस, घरोघरी मक्याच्या वड्या खात खात आला. मी दिव्याखाली चिठ्ठी वाचली आणि चप्पल न घालता पळाले. गांधील जिन्यावर नव्हता. टरफलंही नव्हती."

मी माझ्या होळीपाशी मका भाजत होतो. पोरगा धुरातून आला. मला वाटलं, कणीस मागतोय, म्हणून मी एक पुढे केलं. त्यानं पिस्तूल काढलं. तुला खरं सांगतो, मी पळालो नाही, ते शूर म्हणून नाही. तुझ्या बहिणीनं फोडलेला गुडघा उठू देईना.

"हा बुरूज बसून राहिला, तोंड उघडं ठेवून! मी मधे गेले. निरोप सांगायला श्वास उरला नव्हता. हात घातला नळीवर. आवाज झाला, पण गल्लीत एवढे फटाके वाजत होते की कुणी वळूनही बघितलं नाही. बोटं कुठे गेली ते मला दिसलं नाही. मग मी त्या पोराला म्हटलं, 'रडायचं नंतर, आधी पळ.' तो खरंच रडत होता रे. माझ्या हाताकडे बघून. पिस्तूल होळीत टाकलं आणि पळाला."

मी शर्ट फाडून तिचा हात बांधला. ती त्या वेळीही मला शिव्या देत होती, कणीस का दिलंस म्हणून. दवाखान्यात नेईपर्यंत वाटेत तिनं तुझी चिठ्ठी माझ्या छातीवर आपटून सगळं सांगितलं, विष, मर, तू, गांधील, सगळं. सगळी टेकडी नाचत होती आणि मी हे ऐकत लंगडत जिना उतरत होतो.

दवाखान्यात पोलीस आला. तुझी बहीण म्हणाली, फटाका हातात फुटला. त्यानं माझ्याकडे वळून विचारलं, तुम्ही बघितलंत? माझ्या कानाकडे बघत होता. त्याला आपली भानगड ठाऊक आहे. मी एक शब्द बोललो असतो तर तू तिथेच म्हातारा झाला असतास.

मी म्हणालो, हो, फटाकाच. मीच पेटवून दिला होता, चूक माझी. चार दिवस ठाण्यात बसवून ठेवलं मला. परत आलो.

का म्हणालो, ते मला विचारू नकोस. तुझी बहीण विचारते रोज. डबे फोडले ते मीच, ते कबूल. पण त्या डब्यातला खुंट, ज्याला तुम्ही बाबांचा म्हणता, तो ओढ्यातून उपटताना मी तुझ्या बापाच्या कमरेला दोर बांधून वर धरला होता. ओढ्याला पूर होता. पहिलं कलम आम्ही दोघांनी बांधलं, त्यानं कापलं आणि मी धरलं. म्हणून तर पहार उगारली आणि डब्यावर आणता येईना. तुझ्या बहिणीला वाटतं, कॉफीनं वाचवलं. वाटू दे.

ती म्हणते, हे खोडून टाक. खोडत नाही.

आता कामाचं. तुमच्या डब्यात खुंटाची मुळं राहिली होती ती जगली. जाडजूड कोंब आलाय, काट्यांनी भरलेला. ती माती काढून मी नवी भरली आहे, भाजलेली, आणि पाणी मीच घालतो. ऑगस्टपर्यंत तो पेन्सिलीएवढा होईल. कलम त्याच महिन्यात बांधायला हवं. तुझ्या बहिणीच्या उजव्या हातात तीनच बोटं उरलीत आणि माझे हात थरथरतात. कापणारा तूच उरलास.

माझा कान उतरवलेलं, पोलिसांना न सापडलेलं ते पातं तिनं पिठाच्या डब्यात लपवलं होतं. काल तिनं ते माझ्यासमोर ठेवलं. मी त्याला धार लावून ठेवली आहे.

तू मला माफ करावंस असं मी म्हणत नाही, मीही तुला केलेलं नाही. थंडीत कान अजून ठणकतो. पण सुटलास की सरळ गच्चीवर ये, रिकाम्या हातानं. पातं मी तुझ्या हातात देईन. मग तुझ्या बापासमोर बसायचो तसा खाली बसेन, मान वाकवीन आणि खुंट धरीन. सांधा मातीच्या वर चार बोटं. पुढे काय कापायचं ते तू ठरव.

ओतासिलियो

ता. क. खालची वाकडी ओळ तिची आहे, डाव्या हातानं.

ये लवकर. मी मधे बसेन.